पावसाळ्यात रोबो मोवर : कोकणातल्या ओल्या, चिकट लॉनसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोबो मोवर म्हणजे लॉनवर आपोआप फिरून गवत कापणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीने १९९५ साली बाजारात आणलेल्या सोलर मोवरपासून ही यंत्रं वाढली ती युरोपातल्या लॉनवर. तिकडे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. आपल्याकडे अलिबागला दोन हजार मिलिमीटरच्या वर, दापोली-रत्नागिरीकडे तीन हजारांच्या वर, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यामुळे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं सगळंच इथे लागू पडत नाही. खालची उत्तरं बंगले, होमस्टे आणि छोट्या रिसॉर्टच्या लॉनसाठी आहेत.

जून लागला की रोबो गुंडाळून ठेवायचा का?

नाही, पण तो रोज चालेल अशी अपेक्षाही सोडा. मृगाच्या सरी, श्रावणातलं ऊन-पाऊस आणि सप्टेंबर यांत तो नीट काम करतो. जुलैमध्ये संततधार लागली की आठ-दहा दिवस तो जागेवरच बसणार, आणि त्याला बसू द्यावं. याचा अर्थ असा, की रोबो घेतला म्हणून ग्रासकटर आणि गडी या दोघांना कायमचा निरोप देता येत नाही. चार महिन्यांत तीन-चार वेळा तरी ते लागतात. विकणारा हे सहसा सांगत नाही.

ओल्या गवताने नेमकं बिघडतं काय? यंत्र तर वॉटरप्रूफ म्हणतात.

पाणी वरून पडण्याचा प्रश्न नसतो, प्रश्न खालून चिकटणाऱ्या लगद्याचा असतो. बहुतेक रोबोंमध्ये एका फिरत्या तबकडीला तीन छोटी, दाढीच्या पात्यासारखी पातळ पाती स्क्रूने लावलेली असतात. ती घट्ट आवळलेली नसतात, स्क्रूभोवती मोकळी फिरतात. दगड लागला तर पातं मागे वळून वाचतं. हा रोबो गवत गोळा करत नाही. काही मिलिमीटरचे तुकडे करून तिथेच टाकतो, आणि ते सुकून खत होतात.

गवत ओलं असलं की हे तुकडे सुटे पडत नाहीत. त्यांचा हिरवा लगदा होतो आणि तबकडीच्या वर, झाकणाच्या आतल्या बाजूला थापला जातो. त्यात तांबडी माती मिसळली की तासाभराच्या उन्हात तो शेणाने सारवल्यासारखा कडक होतो. मग पाती जाम होतात, तबकडी घासत फिरते, मोटर जास्त करंट ओढते आणि ॲपवर ‘कटिंग मोटर ओव्हरलोड’ असा इशारा येतो. लोक रीसेट करून पुन्हा सोडतात. असं पाच-सहा वेळा केलं की मोटरच्या बेअरिंगची वाट लागते. इशारा आला की आधी यंत्र उलटं करून बघा, रीसेट नंतर.

दुसरा त्रास लॉनला होतो. भिजलेला लगदा गोळ्यांनी खाली पडतो, त्याखालचं गवत पिवळं पडतं आणि बुरशी धरते.

पाऊस थांबल्यावर किती वेळाने सोडायचा?

घड्याळापेक्षा पायावर भरवसा ठेवा. लॉनवर चप्पल दाबून बघा. कडेने पाणी वर आलं तर आज नाही. पाणी आलं नाही, पण हात फिरवल्यावर तळवा चकचकीत ओला झाला, तर अजून दोन तास. तळवा नुसता गार लागला तर सोडायला हरकत नाही. वारा आणि ऊन असेल तर हलक्या सरीनंतर साधारण तीन तास पुरतात. ढगाळ हवेत आर्द्रता नव्वद टक्क्यांवर असते तेव्हा सहा तासांनीही गवत सुकत नाही.

वेळापत्रक सकाळी ११ ते दुपारी ४ एवढंच ठेवा. उघडीप मिळाली की दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालवणं हे एकदम तीन तास चालवण्यापेक्षा चांगलं. मधल्या वेळात खालचं थापलेलं गवत काढता येतं.

पाऊस नाही, तरी रोबो ‘पाऊस आहे’ म्हणून चार्जिंग स्टेशनवरून हलत नाही. का?

बऱ्याच यंत्रांत पावसाचा सेन्सर म्हणजे वरच्या बाजूला असलेले दोन छोटे धातूचे ठिपके. दोघांमध्ये पाण्याचा थर आला की वीज वाहते आणि यंत्र ‘पाऊस’ समजतं. किनाऱ्यावर या ठिपक्यांवर मिठाचा पातळ थर बसतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोरड्या दिवशीही ठिपके जोडले जातात. गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. हिरवट गंज दिसला तर थोडं व्हिनेगर लावून पुन्हा पुसा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हे करा. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा निघतो आणि गंज दुप्पट वेगाने चढतो.

उलटा घोळही होतो. स्टेशनवर छप्पर असेल तर सेन्सर लगेच सुकतो, लॉन मात्र ओलंच असतं, आणि रोबो लवकर बाहेर पडतो. छप्पर असलेल्यांनी ॲपमधला पावसानंतरचा थांबा जास्तीत जास्त ठेवावा.

कापणीची उंची किती ठेवायची?

उन्हाळ्यात ३० मिलिमीटर ठेवत असाल तर पहिला पाऊस पडल्यावर ४० आणि जुलैत ५० करा. बहुतेक यंत्रांची मर्यादा ६० च्या आसपास असते. उंच ठेवल्याने एका फेरीत कमी गवत कापलं जातं, लगदा कमी होतो आणि चाकांखाली गवताची गादी राहते. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही, हा जुना नियम इथेही तसाच.

आणि जूनमध्ये लॉनला युरिया देऊ नका. माळी देतोच, त्याला थांबवा. गवत तसंही अंगात आल्यासारखं वाढत असतं.

आठ दिवस पाऊस लागला आणि गवत घोट्याच्या वर गेलं. आता रोबो सोडला तर?

अडकेल. १० सेंटिमीटरच्या वरचं गवत रोबोच्या पुढच्या कडेखाली नुसतं वाकतं, कापलं जात नाही. ग्रासकटरला नायलॉन दोरी लावून ते सहा-सात सेंटिमीटरवर आणा आणि दाताळ्याने सगळं कापलेलं गोळा करा. हे गोळा करणं टाळलं तर बाकी सगळी मेहनत फुकट. दुसऱ्या दिवशी रोबो ६० वर सोडा, मग दर दोन दिवसांनी पाच-पाच मिलिमीटर खाली आणा.

ग्रासकटर चालवताना गड्याला बाउंड्री वायर (रोबोला लॉनची हद्द कळावी म्हणून जमिनीत पुरलेली तार) कुठून जाते ते आधी दाखवा. पावसाळ्यात तारा तुटण्याचं पहिलं कारण विजा नाहीत, ग्रासकटर आहे.

खालची बाजू कशी साफ करायची?

ओल्या दिवसांत प्रत्येक फेरीनंतर, निदान दिवसातून एकदा. पाच मिनिटांचं काम आहे, पण क्रम चुकवू नका.

मुख्य स्विच बंद करा. सेफ्टी की असेल तर ती काढून खिशात ठेवा. नुसतं ‘स्टॉप’ दाबून हात घालू नका. जाड हातमोजे घाला. जमिनीवर गोणपाट दुमडून ठेवा आणि त्यावर यंत्र उलटं करा, म्हणजे वरचा सेन्सर आणि स्क्रीन घासत नाहीत.

लगदा ओला असतानाच काढा. प्लास्टिकची पट्टी किंवा बांबूची चपटी काडी घ्या. कोयती, स्क्रू-ड्रायव्हर, पत्र्याचा तुकडा नको, प्लास्टिकला चरे पडले की पुढच्या वेळी गवत तिथेच धरतं. कोपऱ्यांसाठी नारळाच्या सोडणाचा तुकडा ठेचून घेतला की झकास ब्रश होतो, आणि तो फुकट असतो. तबकडीच्या मधोमध, दांड्याभोवती गवताचे धागे गुंडाळलेले असतात. ते बोटाने फिरवून सोडवा.

मग प्रत्येक पातं हातमोज्यातल्या बोटाने ढकलून बघा. ते पूर्ण गोल, न अडकता फिरलं पाहिजे. तिसरं पातं अर्ध्यावर थांबतंय असं दिसलं तर त्याच्या स्क्रूखाली वाळलेली माती आहे. शेवटी चाकांच्या खाचा खरवडा आणि पुढची छोटी चाकं हाताने फिरवा. त्यांच्या आसाभोवती केस आणि काथ्या हमखास सापडतो.

पाणी मारायचं का, हे यंत्रावरच्या आयपीएक्स आकड्यावर ठरतं, म्हणजे ते किती पाणी सोसतं ते सांगणाऱ्या आकड्यावर. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोडे चालतात, ओल्या फडक्यावर भागवा. आयपीएक्स-५ असेल तर बागेचा साधा पाइप चालतो. गाडी धुवायचा प्रेशर पंप दोघांनाही नाही. तो ज्या जोराने मारतो त्याने सीलमधून पाणी आत जातंच.

आतल्या प्लास्टिकवर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात मारला तर लगदा कमी धरतो. खोबरेल किंवा इंजिन ऑइल लावू नका. त्याला माती दुपटीने चिकटते.

पाती किती दिवसांनी बदलायची?

कोरड्या दिवसांत दीड-दोन महिने चालतात, पावसाळ्यात तीन-चार आठवडे धरा. वाळू आणि जांभ्याची बारीक खडी धार खाते, ओल गंज चढवते. पातं बोथट झालंय हे गवत सांगतं : टोक सरळ कापलेलं न दिसता फाटून पांढरट दिसतं.

तिन्ही पाती एकदम बदला, आणि स्क्रूही नवेच लावा. जुन्या स्क्रूची मान झिजलेली असते. मध्येच तुटून पातं सुटलं तर ते उडतं. एकच पातं नवीन लावलं तर तबकडीचा तोल जातो आणि थरथर सुरू होते. मे संपायच्या आत तीन संच घरात आणून ठेवा, हवाबंद डब्यात.

चाकं जागच्या जागी फिरतात आणि लॉनला खड्डे पडतात. उपाय?

तांबडी माती खाचांत भरली की चाक गुळगुळीत होतं. आधी खाचा साफ करा. त्याने भागत नसेल तर खोल दातांची चाकं किंवा चाकावर चढवायच्या रबरी पट्ट्या मिळतात.

उताराचा आकडा मॅन्युअलमध्ये सहसा टक्क्यांत असतो, अंशांत नाही. ३५ टक्के म्हणजे एक मीटर आडवं गेल्यावर ३५ सेंटिमीटर चढ, अंशांत साधारण १९. आणि हा आकडा कोरड्या गवताचा. एक मीटरची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ घेऊन मोजा, आणि ओल्या लॉनला त्यातलं निम्मंच धरा. त्याहून तीव्र भाग जून ते सप्टेंबर ॲपमध्ये ‘नो-गो’ (रोबोने जायचंच नाही असा भाग) करून टाका. उताराच्या पायथ्याशी गडगा, विहीर किंवा तळं असेल तर हे मागेपुढे न बघता करा, कारण ओल्यावर रोबो ब्रेक लावूनही घसरतो.

स्टेशनकडे परतताना रोबो रोज एकाच रेषेवरून गेला तर तिथे बैलगाडीच्या चाकोरीसारखी वाट पडते. ॲपमध्ये परतीच्या वाटेची रुंदी वाढवायची सोय बऱ्याच यंत्रांत असते, ती वापरा. पाणी साचतं तिथे चर काढा. लॉन सपाट करायला समुद्राची रेती आणून टाकू नका, मिठाने गवत जळतं.

चार्जिंग स्टेशन कुठे ठेवायचं?

लॉनच्या सगळ्यात उंच, सपाट कोपऱ्यात, पन्हाळीखाली नाही आणि माडाखाली तर मुळीच नाही. जांभ्याचा किंवा पेव्हरचा ओटा लॉनच्या पातळीपेक्षा बोटभरच वर घ्या. जास्त उंच केलात तर चिखलाची चाकं चढत नाहीत, रोबो अर्ध्यावर थांबतो आणि चार्जिंगचे पॉइंट टेकत नाहीत. समोर मीटरभर पेव्हर टाकले की चिखल तिथेच झडतो.

स्टेशन उचलण्याआधी काठीने हलवा. खालची कोरडी, उबदार जागा फुरशाला आणि घोणीला फार आवडते.

‘लूप सिग्नल नाही’ असं येतं. तार तुटली का?

आधी स्टेशनवर लाईट आहे का ते बघा. वीज गेली की तारेतला सिग्नल जातो आणि रोबो आहे तिथे थांबतो. आपल्याकडे निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. स्टेशन इन्व्हर्टरवर घेतलं तर हा त्रास राहत नाही.

लाईट असेल तर तारेची दोन्ही टोकं काढून मल्टिमीटर लावा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या २०० मीटर तारेला साडेचार-पाच ओहम यायला हवेत. आकडा न येता ‘अनंत’ दाखवलं तर तार तुटली आहे. पन्नास ओहम वगैरे आला तर कुठला तरी जोड गंजलाय. जागा शोधायला जुना एएम रेडिओ कामी येतो. टोकं परत जोडून, स्टेशन सुरू ठेवून, रेडिओ तारेवरून फिरवा. खरखर जिथे थांबते तिथे खणा. नाहीतर लॉन अर्धं-अर्धं करत मल्टिमीटरने तपासा.

पावसाळ्यात तार कुरतडणारे उंदीर-घुशी आणि बिळं करताना ती वर काढणारे खेकडे हे नेहमीचे गुन्हेगार. जोड मात्र जेल भरलेल्या कनेक्टरनेच करा. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा होतो.

विजांचं काय?

जुलैपेक्षा धोका वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, म्हणजे मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी. जमिनीत पुरलेली शेकडो मीटर तार जवळ पडलेल्या विजेचा झटका ओढून घेते आणि स्टेशनचा बोर्ड जळतो. गडगडायला लागलं की प्लगही काढा आणि तारेची दोन टोकंही. फक्त प्लग काढून उपयोग नाही. जोडणीला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवाच. लाईट परत येताना बसणाऱ्या झटक्यालाही तोच उपयोगी पडतो.

तारेशिवाय, जीपीएसवर चालणारा रोबो नारळीच्या वाडीत चालेल का?

मोकळ्या लॉनवर उत्तम, माडापोफळीखाली रडत-रखडत. झावळ्यांच्या छताने उपग्रहांचा सिग्नल अडतो, आणि पानं भिजलेली असली की आणखी. अँटेना गच्चीवर मोकळ्या आभाळाखाली लावली तरी रोबोलाही आभाळ दिसावं लागतं. स्टेशनवर पत्र्याचं छप्पर असेल तर तिथेच अडचण सुरू होते. कॅमेऱ्यावर चालणाऱ्यांचं दुखणं वेगळं : लेन्सवर तांबड्या चिखलाचा एक शिंतोडा बसला की समोर भिंत आहे असं समजून तो मागे फिरतो. दाट वाडीला तारेचाच घ्या.

माडाखाली तो सोडायच्या आधी नारळ, झावळ्या, पोयी उचललेल्या हव्यात. पडलेल्या नारळावर चढून रोबो एका अंगाने उचलला जातो आणि सेन्सर पाती बंद करतो. हे बरोबरच आहे, पण तुम्ही मुंबईत असाल तर तो तसाच पावसात भिजत राहतो.

रात्री चालवला तर चालेल?

नको. पावसाळ्यात रात्री लॉनभर बेडूक आणि त्यांची नखाएवढी पिल्लं असतात. ती पळत नाहीत, जागीच दबून बसतात, आणि कुठलाच सेन्सर त्यांना ओळखत नाही. शिवाय रात्री गवत सगळ्यात ओलं.

खाऱ्या हवेने काय खराब होतं?

चार्जिंगचे पॉइंट सगळ्यात आधी. रोबो स्टेशनवर उभा आहे, पण बॅटरी भरत नाही, असं झालं की पितळी किंवा तांब्याच्या पट्ट्या बघा. काळ्या पडल्या असतील तर स्टेशनचा प्लग काढून नायलॉन ब्रशने घासा आणि पुसा. तारेच्या कनेक्टरवर सिलिकॉन ग्रीस लावा. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहत असाल तर दर पंधरा दिवसांनी हे करायला हवं.

यंत्र साचलेल्या पाण्यात गेलं. आता?

चार्जिंगला लावू नका, हे पहिलं. आयपीएक्स-५ ला सुद्धा पाण्यात बुडणं चालत नाही. मुख्य स्विच बंद करा, पाणी निथळू द्या, सावलीत पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवलं की आतली वाफ बोर्डवर जमते. भिजलेली लिथियम बॅटरी फुगली असेल, गरम लागत असेल किंवा वास येत असेल तर ती घरात ठेवू नका. आत पाणी गेल्याची शंका असेल तर सर्व्हिसवाल्याने उघडून पाहिल्याशिवाय सुरू करू नका.

चिखलातून यंत्र काढताना गमबूट आणि हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात हात घालूच नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते.

पावसाळाभर बंदच ठेवायचा असेल तर बॅटरी कशी राखायची?

४० ते ६० टक्के चार्ज ठेवून मुख्य स्विच बंद. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी दोन्ही लवकर मरतात. घरातल्या कोरड्या खोलीत ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. तीन महिन्यांनी एकदा चार्ज बघून पुन्हा तेवढाच करा. पाती काढून, पुसून, हलकं तेल लावून डब्यात.

पाऊस संपला. ऑक्टोबरनंतर तरी सकाळी लवकर सोडता येईल?

थंडीत दहिवर पडतं, आणि सकाळी आठला लॉन पावसाइतकंच ओलं असतं. पावसाचा सेन्सर ते दर वेळी पकडत नाही. दहानंतरच सोडा.

हापूसच्या किंवा काजूच्या बागेतलं रान याने काढता येईल?

नाही. कातळ, चिऱ्यांचे तुकडे, आळी, रानमोडीचे खुंट यांत ती पातळ पाती दहा मिनिटं टिकत नाहीत. तिथे ग्रासकटरला लोखंडी पातं, आणि तो चालवणारा माणूस.